भुशाचा काही दोष नव्हता

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात चाळीस बायका आणि सहा पुरुष कामाला होते, आणि त्या सगळ्यांची 'मास्तर' होती एक बाई. एक्कावन्न वर्षांची, ठेंगणी, जाड चष्म्याची. कापड कापणाऱ्याला त्या धंद्यात कटिंग मास्टर म्हणतात आणि तो पुरुषच असणार असं लोक धरून चालतात. त्यामुळे कापडाचे नमुने घेऊन आलेला नवा माणूस हटकून विचारायचा, "मास्तर कुठे आहेत?" ती कानावरचा खडू काढून म्हणायची, "तुमच्या समोर उभे आहेत. बोला."

काम जोखमीचं. लांब टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवून खडूने रेघ मारायची, आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून फिरवायचं. हात सूतभर हलला तर एक नाही, सत्तर बाह्या वाया. एकवीस वर्षांत मास्तरचा हात दोनदा हलला होता. एकदा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा, आणि एकदा मालकाने मागून येऊन शिंक दिली तेव्हा. दोन्ही गोष्टी ती सारख्याच रागाने सांगायची.

तिसऱ्यांदा हलला तो खोकल्यामुळे. कोरडा, ठसक्यासारखा खोकला, सुरू झाला की थांबेना. तिने मशीन बंद केलं आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. निळ्या बाह्यांच्या गठ्ठ्यात एक वाकडी खाच पडली होती. शिलाईच्या बायका उठून आल्या. एकीने पाणी दिलं, एकीने पाठ चोळली. "कापडाचं तूस गेलं असेल घशात," कुणीतरी म्हणालं.

"तूसच असणार," मास्तर म्हणाली. पण हा खोकला तिने आधी ऐकलेला होता.

तिचे वडील, अण्णा, सुतार होते. दारं, खिडक्या, कपाटं. चाळिशी ओलांडली आणि त्यांना असाच कोरडा खोकला लागला. मग दम. मग बसल्या जागी दम. सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले तेव्हा मास्तर एकोणीस वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ चौदा. "भुशाने खाल्लं," असं सगळे म्हणाले. डॉक्टरही म्हणाले, शेजारीही म्हणाले, आणि आईने ते असं मनावर घेतलं की महिन्याभरात करवती, पटाश्या, रंधे सगळं देऊन टाकलं. भावाला लाकडाचं वेड होतं. शाळा सुटली की तो वडिलांच्या शेजारी बसून खुंट्या तासायचा. एक लहान रंधा त्याने उशीखाली लपवला होता, आईने तोही काढून नेला. "या घरात पुन्हा भुसा येणार नाही," एवढंच म्हणाली. भाऊ पुढे पाणी खात्यात मीटर वाचायला लागला. तीस वर्षं तो लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे लिहून घेत होता, आणि कुणाच्या घरी चांगलं दार दिसलं की उगाच त्यावरून हात फिरवत होता.

खोकल्याला मास्तरने तीन महिने दाद दिली नाही. नाकाला फडकं बांधून कापायला लागली. पण घर तिसऱ्या मजल्यावर होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा आणि राहायची इमारत बिनलिफ्टची, हा त्यांच्याकडचा जुना विनोद. पूर्वी ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एका दमात वर यायची. आता दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. थांबलेलं कुणाला दिसू नये म्हणून चप्पल काढून झटकायची, किंवा पिशवीत काहीतरी शोधायची.

नवऱ्याला दिसलं ते दुसरंच. एकदा जेवताना त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिची नखं बघत राहिला. बोटांची टोकं फुगीर झाली होती, नखं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली होती.

"ही अशी कधीपासून?"

"कशी?" तिने हात ओढून घेतला. तिलाही ठाऊक होतं कशी. वडिलांचीही तशीच होती.

"उद्या डॉक्टर," तो म्हणाला. "लोकांच्या लिफ्ट बंद पडल्या की मला बोलावतात. तू बंद पडलीस तर मी कुणाला बोलावू?"

छातीच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. बोलायला कमी, ऐकायला जास्त. त्यांनी मास्तरच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ एकाच जागी ठेवला.

"काय ऐकू येतंय?" मास्तरने न राहवून विचारलं.

"कपड्यांत काम करता ना? वेल्क्रोची पट्टी उघडताना आवाज येतो, तसा. दोन्ही बाजूंना, खालच्या भागात."

वेल्क्रोच्या पट्ट्या मास्तर रोज कापायची. आता तोच आवाज तिच्या स्वतःच्या पाठीतून येत होता.

मग चालण्याची चाचणी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन नारंगी शंकू ठेवलेले, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, आणि सहा मिनिटं एका शंकूपासून दुसऱ्यापर्यंत फेऱ्या मारायच्या. एक तरुण मुलगी आकडे लिहीत बरोबर चालत होती. सुरुवात पंचाण्णववर झाली. मास्तरने ठरवलं, जोरात चालून दाखवायचं. तिसऱ्या मिनिटाला नव्वद. चौथ्या मिनिटाला मुलगी म्हणाली, "काकू, थांबा." आकडा होता शहाऐंशी.

"मी चालू शकते अजून."

"पाय चालू शकतात, काकू. थांबा."

स्कॅनच्या चित्रात फुप्फुसांचा खालचा भाग मधाच्या पोळ्यासारखा दिसत होता, बारीक बारीक छिद्रांचा, कडक. डॉक्टरांनी पेन हातात घेऊन घरच्यांबद्दल विचारलं. मास्तरने वडिलांचं सांगितलं. भुसा, सुतारकाम, सत्तेचाळीस.

"आणखी कुणाला फुप्फुसाचा त्रास?"

"नाही कुणाला."

"लहानपणी कुणी गेलं?"

"एक बहीण होती. भावाच्या पाठची. पाच महिन्यांची असताना न्यूमोनियाने गेली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते थांबणं मास्तरला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिलं.

"तुमच्या आई आहेत?" त्यांनी विचारलं. "मग त्यांना विचारून या. त्या बाळाचा श्वास कसा होता? आजारी पडण्याआधीही."

हे काम सोपं नव्हतं. त्या बाळाबद्दल घरात कुणी बोलत नसे. थंडीच्या दिवसांत आई बाळाला घेऊन गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, गार वाऱ्याने बाळाची छाती भरली, असं आजी, म्हणजे वडिलांची आई, म्हणाली होती. एकदाच नाही, मरेपर्यंत म्हणाली. आईने कधी उलट उत्तर दिलं नाही. भावाकडे राहणारी आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि अजूनही गच्चीवर जात नसे. वाळवण, पाण्याची टाकी, काही असो, ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून मागे फिरायची.

"कशाला उकरून काढतेस?" मास्तरने विषय काढल्यावर आई म्हणाली.

"डॉक्टरांनी विचारलंय. माझ्यासाठी."

आईने मग एकेक सांगितलं. पोरगी पहिल्यापासून भराभर श्वास घ्यायची. दूध पिताना मध्येच सोडायची, कपाळावर घाम. बरगड्यांच्या खाली पोटाशी खड्डा पडायचा. वजन भरेना.

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, आई?"

"महिन्याची असल्यापासून."

"आणि गच्चीवर कधी नेलीस?"

आईने तिच्याकडे पाहिलं. "शेवटच्या आठवड्यात," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

डॉक्टरांनी रक्त घेतलं. तपासणी जनुकाची होती, उत्तराला सात आठवडे लागणार होते. मास्तर कामावर जात राहिली. मालकाने पातं फिरवायचं काम दुसऱ्या बाईला दिलं आणि मास्तरला फक्त आखणीला बसवलं. ती रेघा मारायची आणि दर अर्ध्या तासाने बोटाला चिमटा लावायची. नवऱ्याने तो विकत आणून दिला होता आणि आता पस्तावला होता. त्र्याण्णव आला की जीव भांड्यात, एक्क्याण्णव आला की दिवस वाया.

पाचव्या आठवड्यात लेक घरी आली. लेक सत्तावीस वर्षांची, ड्रायव्हिंग शिकवायची. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना शांत बसणं हा तिचा धंदाच होता. ती आली ती हसत, आणि दारातच म्हणाली, "आई, तिसरा महिना लागला."

मास्तरने तिला जवळ घेतलं. तोंडाने "अगं बाई!" म्हणाली, आणि पाठीवरून हात फिरवताना लेकीचे श्वास मोजत होती.

"तू का रडतेस?"

"आनंदाने रडू नये का माणसाने?"

तपासणीचं तिने काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिच्या जीवाला नवीनच घोर लागला.

अहवाल आला तेव्हा नवरा-बायको दोघे डॉक्टरांसमोर बसले. जनुकाचं नाव इंग्रजी पाच अक्षरांचं होतं, एसएफटीपीसी. नवऱ्याने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. पुढे घरात त्याला 'ती पाच अक्षरं' असंच म्हणायला लागले.

डॉक्टरांनी समजावलं. फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात, आतून ओले. ओली प्लॅस्टिकची पिशवी कशी आतून चिकटते, तसे हे फुगे प्रत्येक श्वास सोडल्यावर चिकटून बसले असते. तसं होऊ नये म्हणून शरीर साबणासारखा एक पातळ थर बनवतं आणि फुग्यांना आतून लावतं. त्या थरात काही प्रथिनं असतात. त्यातलं एक कसं बनवायचं, ते या जनुकात लिहिलेलं असतं. तुमच्याकडे एका जागी ते चुकीचं लिहिलं गेलंय.

"म्हणजे पॅटर्नच चुकलाय," मास्तर म्हणाली.

"हो. अगदी तसंच."

"पण आईकडून एक येतो आणि वडिलांकडून एक, असं तुम्हीच म्हणालात. एक तर चांगला असेल ना?"

"आहे. पण चुकीच्या पॅटर्नचे तुकडे बाहेर जात नाहीत. ते बनवणाऱ्या पेशीतच साचत राहतात. तुमच्या खोलीत वाया गेलेल्या कापडाचे ढीग लागले तर चांगलं काम तरी कुठे करणार? पेशी गुदमरून मरते. मग शरीर तिथे जखमेच्या वणासारखी जाड जाळी भरतं, आणि फुप्फुस कडक होत जातं."

"मग माझं आत्ता का? आणि बहिणीचं पाच महिन्यांत?"

"ते कुणालाच नीट सांगता येत नाही. एकाच घरात एखाद्या बाळाला पहिल्या महिन्यात होतं, एखाद्याला पन्नाशीत, आणि एखाद्याला कधीच नाही. सर्दीताप, धूर, धूळ यांनी भर पडते. भुशाने तुमच्या वडिलांचा त्रास वाढवला असेल, पण मूळ भुशात नव्हतं."

मास्तरला विचारवेना तो प्रश्न नवऱ्याने विचारला. "आमच्या मुलीला?"

"अर्धी शक्यता. नाणं उडवल्यासारखी. आणि तिच्यात असेल, तर तिच्या प्रत्येक मुलाला पुन्हा अर्धी."

मास्तरने नऊ दिवस लेकीजवळ ब्र काढला नाही. गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्या आजार हटवणाऱ्या नव्हत्या, त्याचा वेग कमी करणाऱ्या होत्या. त्यांनी पोट बिघडायचं, जेवण नकोसं व्हायचं, आणि लेकीला वाटायचं आई उगाच डाएट करतेय. दहाव्या दिवशी नवरा म्हणाला, "तू नाही सांगितलंस तर मी सांगतो. पण माझ्या तोंडून ऐकल्यावर ती तुला माफ करणार नाही."

लेक शांतपणे ऐकत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"अहवाल येऊन दहा दिवस झाले."

"आणि मी बातमी सांगायला आले तेव्हा रक्त गेलेलं होतं?"

"हो."

"म्हणजे मी पेढेवाल्यासारखी आनंद वाटत फिरत होते आणि तू माझा श्वास मोजत होतीस." लेकीचा आवाज चढला. "शिकाऊ माणूस खड्ड्याकडे निघाला तर मी ब्रेक दाबते, आई. गाडी खड्ड्यात गेल्यावर सांगत नाही की मला दिसला होता."

लेक दार आपटून गेली आणि तीन दिवस फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी जावयाचा फोन आला, की तिने रक्त दिलंय.

चूक नेमकी कुठे आहे ते आता ठाऊक असल्याने या वेळी तीन आठवडेच लागले. लेकीतही ती पाच अक्षरं निघाली. स्टेथोस्कोपने ऐकता तिची फुप्फुसं स्वच्छ होती, आणि स्कॅन डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पुढे ढकलला. पण कागदावर जे लिहिलं होतं ते लिहिलं होतं. पोटातल्या बाळाची तपासणी आत्ता करायची का, असं विचारल्यावर लेक म्हणाली, "नको. आत आहे तोवर त्याला श्वास घ्यावा लागत नाही. बाहेर आल्यावर बघू."

मास्तर दोन दिवस कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी भावाकडे गेली. आई खिडकीपाशी बसून जुना स्वेटर उसवत होती. भाऊही घरी होता. मास्तरने दोघांना सगळं सांगितलं. वडिलांकडून तिच्यात, तिच्यातून लेकीत. आणि पाच महिन्यांत गेलेल्या बहिणीतही तेच असणार, असं डॉक्टर म्हणाल्यात.

आईचे हात थांबले. "म्हणजे वाऱ्याने नाही?"

"नाही, आई. वाऱ्याने छाती भरत नाही अशी. ती जन्मली तेव्हाच..."

"आणि ह्यांना भुशाने नाही?"

"मूळ भुशात नव्हतं."

भाऊ ताडकन उठला. "मग माझा रंधा का घेतलास?" तो म्हणाला. सेहेचाळीस वर्षांचा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस चौदा वर्षांच्या पोराच्या आवाजात बोलत होता. "तीस वर्षं लोकांच्या गटारात वाकून आकडे वाचले मी. कशासाठी?"

"तुला जगवायला," आई म्हणाली. "मला जे कळलं होतं त्यावर मी केलं."

भाऊ पायात चप्पल सरकवून निघून गेला. मास्तर आईशेजारी बसली आणि तिला पहिल्यांदाच हुंदका आला. "मी दिलं गं तिला," ती म्हणाली. "मीच माझ्या पोरीला दिलं."

आईने लोकरीचा गुंडा बाजूला ठेवला. तिने मास्तरला जवळ वगैरे घेतलं नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. ती जरा रागावल्यासारखीच बोलली.

"हे बघ. त्रेचाळीस वर्षं मी रोज त्या गच्चीवर गेले आहे. पायाने नाही, मनाने. एकच कपडा राहिला होता, तो वाळत घातला नसता तर? त्या दिवशी ऊन असतं तर? तुला न्हाऊ घालताना तेच, तुझ्या लग्नात तेच. तुम्ही दोघं समोर होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडे. आज तू सांगतेस की त्यात माझं काहीच नव्हतं. मग ती वर्षं मला कोण परत देणार? तू हे करू नकोस. तुझ्या हातात होतं का ते? नव्हतं ना? मग तोंड धू आणि कामावर जा."

मास्तरने तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

भावाने तपासणीला साफ नकार दिला. "लोकांची मीटरं वाचून आयुष्य गेलं," तो फोनवर म्हणाला. "स्वतःचं नाही वाचायचं मला, ताई." सिगारेट मात्र सुटली, असं आईने कळवलं. मग दोन महिने तो मास्तरकडे फिरकलाच नाही. फोन केला तर बोलणं तुटक. तिला वाटलं, राग गेलेला नाही. एका रविवारी ती स्वतःच गेली आणि त्याला जिन्यात गाठलं.

"माझ्यावर कशाला चिडतोस? मी का रंधा घेतला होता?"

"चिडलो नाही." त्याने भिंतीकडे पाहिलं. "मी रक्त दिलं होतं, ताई. तीन आठवडे झाले निकाल येऊन. माझ्यात नाहीये."

"अरे मग..."

"कुठल्या तोंडाने सांगू? तुझ्यात आहे, पोरीत आहे, अण्णांत होतं, त्या चिमुरडीत होतं. आणि सुटलो तो मी, जो बारा वर्षं सिगारेट ओढत होता."

मास्तरने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. मग पायरीवर बसली, कारण जिना चढून आल्यावर तिला बसावंच लागायचं, आणि तोही शेजारी बसला. "मूर्खा," ती धापा टाकत म्हणाली, "एवढ्या दिवसांत एक बरी बातमी होती, आणि तीसुद्धा तू लपवलीस."

लेकीचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवलं, जिथे तान्ह्या बाळांचा अतिदक्षता विभाग होता. राग असा एकदम गेला नाही. ती आईला तपासणीला बरोबर न्यायची, पण गाडीत रेडिओ लावून ठेवायची. सातव्या महिन्यात एकदा तिने रेडिओ बंद केला आणि विचारलं, "जिना चढताना तुला नेमकं काय होतं? खरं सांग. पुढे मला कळलं पाहिजे."

मास्तरने खरं सांगितलं. वीस मिनिटं सांगत होती. लेकीने गाडी कडेला लावून ऐकलं.

मुलगी झाली, दुपारी. ती रडली तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या मास्तरने घड्याळ बघितलं, वेळेसाठी नाही, श्वासांसाठी. नाळेतलं रक्त तपासणीला गेलं, पण प्रयोगशाळेत रांग असल्याने या वेळी उत्तराला सहा आठवडे सांगितले. बाळ दोन दिवस यंत्रांच्या नजरेखाली राहिलं आणि मग घरी आलं. पुढचे पाच आठवडे मास्तरने तिच्या छातीवर नजर लावून काढले. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला चाळीस ते साठ असतो, असं तिला सांगितलं होतं. ती एका वहीत लिहायची: बेचाळीस, सदतीस, शेहेचाळीस. दूध पिताना मध्ये थांबली की लिहायची. शिंकली की लिहायची.

"आई," लेक शेवटी म्हणाली, "ती झोपलीये. तिचं मीटर वाचायचं बंद कर. मामाची नोकरी जाईल."

मदतीला राहायला आलेली मास्तरची आई, म्हणजे बाळाची पणजी, पहिले काही दिवस बाळाच्या खोलीत यायची आणि दारातच उभी राहायची. घ्या म्हटलं तर म्हणायची, "माझे हात गार आहेत." मग एकदा लेक अंघोळीला गेलेली, मास्तर स्वयंपाकघरात, आणि बाळ रडायला लागलं. मास्तर धावत आली तोवर म्हातारीने तिला उचलून खांद्यावर टाकलं होतं आणि तिच्या पाठीला कान लावून ऐकत होती.

"काही आवाज नाही," ती म्हणाली. "नुसतं रडतेय."

सहाव्या आठवड्यात निकाल आला. बाळात ती चूक नव्हती. लेकीने कागद दोनदा वाचला, जावयाने तीनदा, आणि नवऱ्याने चष्मा नसताना वाचल्यासारखं केलं. मास्तर आत गेली आणि वहीची पानं फाडून टाकली. पण बाळ झोपलेलं असताना तिच्या छातीकडे बघायची सवय काही गेली नाही.

स्वतः मास्तरचं म्हणाल, तर ती पातं फिरवायला परत गेली नाही. आखणी करते, आणि पात्याचं काम घेतलेल्या बाईला शिकवते. प्राणवायूचं छोटं यंत्र टेबलाखाली असतं, त्याची नळी नाकाला लावून ती चढ्या आवाजात ओरडते, "रेघेच्या आत नाही, रेघेवर!" गेल्या वर्षभरात तिचे आकडे थोडे उतरले, मग सहा महिने होते तिथेच राहिले. डॉक्टर याला चांगली बातमी म्हणतात. पुढे फुप्फुस बदलायची वेळ आली तर यादीत नाव घालायचं, एवढं बोलून ठेवलंय. त्या बोलण्याचा विचार ती सहसा करत नाही, आणि केला की तिला झोपून बरं वाटत नाही, उठून बसावं लागतं.

बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर लेकीची पहिली तपासणी झाली. आता ती दरवर्षी व्हायची होती. मास्तर बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. लेकीच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. यंत्रावरचा माणूस दिसायला अगदी मवाळ होता. त्याने हळूच सांगितलं, "खोल श्वास घ्या, ताई." आणि मग एकाएकी असा ओरडला की खिडकीची काच वाजली, "फुंका! फुंका, फुंका, फुंका! अजून! थांबू नका! अजून, अजून, अजून!"

लेकीचा चेहरा लालबुंद झाला. मास्तरचे हात बाळाभोवती आवळले गेले, ती स्वतःचाही श्वास धरून बसली होती. पडद्यावर रेघ चढत होती. त्या माणसाने पुन्हा आरोळी ठोकली आणि बाळाने तोंड उघडलं. मास्तरला वाटलं, आता रडणार. पण बाळ खदखदून हसलं. त्याने "अजून!" म्हटलं की ती हसायची, तो थांबला की त्याच्याकडे बघत वाट पाहायची. नळी तोंडात असलेल्या लेकीलाही हसू फुटलं आणि ती चाचणी बाद झाली.

"पुन्हा करावी लागेल," तो माणूस म्हणाला, पण तोही हसत होता. "बाळाला बाहेर नेता का जरा?"

"राहू दे," लेक म्हणाली. तिने डोळे पुसले, नाकाला पुन्हा चिमटा लावला आणि ताठ बसली. "राहू दे तिला इथेच. ओरडा तुम्ही."

दुसऱ्या वेळी रेघ पूर्ण आली. तिच्या वयाला अपेक्षित असतं त्याच्या एकशे दोन टक्के, असं त्याने लिहिलं, आणि खाली पुढच्या वर्षीची तारीख. लेकीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.